आठ दिवसांची तयारी

रक्तवाहिन्यांवर संशोधन करते असं सांगितलं की समोरचा माणूस पँट वर करून पोटरीवरच्या फुगलेल्या शिरा दाखवतो. लग्नात दाखवतात, बसमध्ये दाखवतात, एकदा तर नात्यात कुणी वारल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही एका काकांनी दाखवल्या. मी वाकून बघते आणि फार वेळ उभं राहू नका म्हणते. मग ते विचारतात, "म्हणजे तू नेमकं कशावर काम करतेस?" मी सांगते, "एचआयव्ही झालेल्या माणसांच्या रक्तवाहिन्यांचं काय होतं, त्यावर." एवढं ऐकलं की पँट झटकन खाली येते आणि जेवणाचा विषय निघतो. पूर्वी मला याचा फार राग यायचा. आता मीही जेवणाबद्दल बोलते.

काम तसं समजायला अवघड नाही. पूर्वी या आजारानं माणसं लवकर जायची. आता रोज गोळी घेतली की विषाणू रक्तात सापडेनासा होतो आणि माणूस कामाला जातो, मुलांची लग्नं लावतो, म्हातारा होतो. पण सापडत नाही म्हणजे गेला असं नव्हे. तो कुठेतरी दडून बसलेला असतो, शरीर त्याच्याशी सतत धुसफुसत असतं, आणि त्या धुसफुशीची झळ रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला लागते. हे अस्तर कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ. ते निरोगी असलं की गरज पडताच वाहिनी सैल होते आणि जास्त रक्त जाऊ देते. ते बिघडलं की वाहिनी ताठर होते आणि चाळिशीतल्या माणसाचं हृदय साठीतल्यासारखं वागायला लागतं. माझी सगळी नोकरी या एका पापुद्र्यावर गेली.

जिवंत माणसात हे अस्तर कसं आहे ते बघायची एक युक्ती आहे. कोपराच्या खाली रक्तदाबाचा पट्टा बांधायचा आणि पाच मिनिटं घट्ट आवळून ठेवायचा. दंडातल्या धमनीवर सोनोग्राफीचं यंत्र धरायचं. मग पट्टा एकदम सोडायचा. अडलेलं रक्त धावत येतं आणि अस्तर चांगलं असेल तर धमनी रुंदावते. फार नाही, दोनतीन केसांच्या जाडीएवढी. पडद्यावर दोन बारीक रेषा एकमेकींपासून लांब सरकतात. त्या सरकताना बघायला मला आजही आवडतं. "माणूस खोटं बोलेल, धमनी खोटं बोलत नाही," असं मी विद्यार्थ्यांना ऐटीत सांगायचे. हे वाक्य मी आता म्हणत नाही.

ही मोजणी भारी नखरेल. झोप झाली नाही, तंबाखू खाल्ली, चहा घेतला, पोट भरलेलं असलं की आकडा घसरलाच. आणि आमच्याकडे येणारी माणसं पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांतली, तिन्ही शिफ्टमध्ये फिरणारी. म्हणून मी एक गुलाबी पत्रक तयार केलं. बाहेरून आलेल्या पत्रकाचं भाषांतर करायचं नाही म्हणून ते स्वतः बसून साध्या मराठीत लिहिलं. पुरेशी झोप घ्या. उपाशीपोटी या. तंबाखू, मिश्री, चहा नको. आदले दोन दिवस डबल शिफ्ट नको. माझ्या मराठीवर मी इतकी खूश होते की ते पत्रक मी खोलीच्या दारावरही डकवलं होतं.

आमच्या कामात भाग घेणाऱ्याचं नाव लिहीत नाहीत, क्रमांक लिहितात. त्यामुळे मी ज्यांच्याबद्दल सांगणार आहे त्यांचं नाव इथेही नाही. मी त्यांना महाळुंग्याचे भाऊ म्हणायचे. मूळचे बीडकडचे, तरुणपणी चाकणच्या पट्ट्यात कामाला आले आणि महाळुंग्यात एका खोलीत बायकोबरोबर संसार मांडला. दोघांनाही हा आजार, दोघंही महिन्याच्या महिन्याला आमच्या शेजारच्या दालनात गोळ्या न्यायला यायचे. कंपनीत कुणाला पत्ता नव्हता. ते एका छोट्या कारखान्यात तपासणीवर होते. गाड्यांच्या ब्रेकच्या बारीक नळ्या आतून किती रुंद आहेत ते मोजायचं, मापात बसली तर पुढे पाठवायची, नाही बसली तर लाल पेटीत टाकायची.

पहिल्यांदा आले ते थेट तिसरी शिफ्ट संपवून. डोळे लाल, तोंडाला तंबाखूचा वास, कँटीनमध्ये दोन वडापाव खाऊन आलेले. मी तरीही मोजणी घेतली. धमनी जागची हलली नाही म्हटलं तरी चालेल. मी वैतागले. त्या दिवशी यंत्राची वेळ मला भांडून मिळालेली होती. "असं आलात तर माझी सगळी मोजणी वाया जाते. हा कागद घ्या, वाचा आणि पुढच्या वेळी तयारी करून या," असं म्हणाले. हे मी असंच म्हणाले, आवाज चढवून. ते उठून उभे राहिले आणि माफी मागितली. नियमाप्रमाणे ती मोजणी रद्द करायची होती. मी फाइलवर आडवी रेघ मारली.

सहा महिन्यांनी आले ते ओळखू येईनात. दाढी घोटलेली, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल आणि तिच्यात माझं गुलाबी पत्रक. पट्टा सोडल्यावर पडद्यावरच्या रेषा अशा झरझर सरकल्या की मी यंत्र पुन्हा लावून बघितलं. भाऊ मान वळवून पडद्याकडे बघत होते.

"मॅडम, ही मपली नळी?"

"हो, तुमचीच."

"किती एमएम?"

"चारच्या आसपास."

"आन् टॉलरन्स?"

मापात किती कमीजास्त चालतं, ते विचारत होते. मी इतकी हसले की सोनोग्राफीचं यंत्र धरलेला हात हलला. तेव्हापासून आमचं जमलं. दर सहा महिन्यांनी यायचे आणि पट्ट्याखाली हात पांढरा पडलेला असताना मला नळ्यांबद्दल सांगायचे. नळी बाहेरून चकाचक असते, पण आत एक बारीक ओरखडा असला तरी कुठल्यातरी घाटात कुणाचातरी ब्रेक लागत नाही, म्हणून आत बघावंच लागतं. मोजणी झाली की विचारायचे, "मागच्या बारीपेक्षा वाढली का?" आणि वाढलेलीच असायची. मला या माणसाचा अभिमान वाटायला लागला. इतकी वर्षं आजार अंगात असूनही नियमित गोळ्यांनी अस्तर कसं सावरतं, याचं उदाहरण म्हणून मी त्यांचा आलेख एका शोधनिबंधात छापला. चढत जाणारी रेषा, सुबक. आमच्या विभागप्रमुखांनी विचारलं होतं, "हा एवढा वेगळा कसा?" मी म्हटलं, "शिस्तीचा माणूस आहे, सर." ते खोटं नव्हतं.

इथे मला माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं, कारण ज्या गोष्टीनं मला फसवलं ती मी घरात बघत मोठी झाले होते.

वडील भोसरीच्या एका कारखान्यात होते. आम्ही काळेवाडीत राहायचो. मोठ्या कंपनीचे लोक वर्षातून एकदा ऑडिटला यायचे आणि त्याआधी आठ दिवस वडिलांच्या नखांत पिवळा रंग असायचा, कारण जमिनीवरचे पट्टे पुन्हा रंगवलेले असायचे. मशिनी पुसायच्या, तेलाचे डाग काढायचे, खराब माल पोत्यांत भरून दोन दिवस शेजारच्या शेडमध्ये ठेवायचा. यात कुणाला फसवल्यासारखं वाटत नसे. पाहुणे येणार म्हणून घर आवरावं, तसं ते होतं. आणि ऑडिटचा एक नियम वडिलांनी आम्हा भावंडांना तोंडपाठ करून घेतला होता. साहेबानं विचारलं तर खरं सांगायचं. विचारलं नाही तर तोंड उघडायचं नाही. आपणहून बोललं तर पूर्ण लाइनवर बोट येतं, आपल्या माणसाची मान खाली जाते. वैद्यकीयच्या तोंडी परीक्षेला जाताना त्यांनी मला हेच सांगितलं होतं आणि मी चांगल्या मार्कांनी पास झाले होते.

कंपनीची वार्षिक वैद्यकीय तपासणी म्हणजे घरातलं ऑडिट. वडिलांचं ब्लड प्रेशर जास्त असायचं हे सगळ्यांना माहीत होतं. तपासणीच्या आधी आठ दिवस ते मीठ आणि तंबाखू सोडायचे आणि त्यांच्या जिवाला बरं वाटावं म्हणून आम्ही सगळेच अळणी खायचो. बिनमिठाचं पिठलं कसं लागतं ते ज्यानं खाल्लंय त्यालाच माहीत. आम्ही पोरं दिवस मोजायचो. तपासणीच्या संध्याकाळी वडील 'फिट'चा कागद घेऊन यायचे, आई शिरा करायची आणि दुसऱ्या दिवशीपासून भाजीत मीठ, खिशात तंबाखू. असे बरेच कागद जमले. निवृत्तीला दोन वर्षं असताना त्यांची उजवी बाजू गेली.

यामुळेच मी रक्तवाहिन्यांकडे वळले असं म्हणायला हवं, लोकांना तसं ऐकायला आवडतं. पण ते खरं नाही. मला मार्क होते, शिष्यवृत्ती होती आणि त्या विभागात जागा रिकामी होती. वडिलांच्या कागदांचा आणि माझ्या यंत्राचा काही संबंध असेल असं मला कधी वाटलंच नाही. तो कारखान्याचा अडाणीपणा आणि हे विज्ञान, असं मी मनात ठेवलं होतं.

एकदा भोसरीत भाऊ दिसले. मी शेअर रिक्षाची वाट बघत होते आणि ते टपरीपाशी तळहातावर तंबाखू मळत होते. मला बघताच हात पाठीमागे गेला आणि ते ताठ उभे राहिले.

"मूठ उघडा बघू," मी म्हटलं.

त्यांनी उघडली नाही. शाळेतल्या पोरासारखे हसले. "मॅडम, तारखेला आजून दोन महिने हायेत की."

मी बोट दाखवून दम दिला आणि हसत रिक्षात बसले. घरी येऊन हा किस्सा सगळ्यांना सांगितला. 'तारखेला अजून दोन महिने आहेत.' एवढं सरळ कुणी कुणाला सांगितलं नसेल, आणि मी त्याचा विनोद केला. मी किती वेंधळी होते हे आता कळतं, पण तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजत होते.

आता शेवटच्या वेळेबद्दल.

त्या दिवशी सकाळी वीज गेली होती आणि यंत्र तीन तास उशिरा सुरू झालं. बाहेर बाकावर माणसं उपाशी बसली होती, एक बाई तर चक्कर येते म्हणून आडवी झाली होती. मी घाईत होते. प्रत्येक मोजणीच्या आधी एक कागद भरायचा असतो, त्यात पाच प्रश्न. छातीत दुखतं किंवा दाटून येतं का, दम लागतो का, पायाला सूज येते का, असे. एकाला जरी 'हो' आलं तरी मोजणी बाजूला ठेवायची, तिथल्या तिथे हृदयाचा आलेख काढायचा आणि माणसाला त्याच दिवशी हृदयाच्या डॉक्टरकडे पाठवायचं. कारण खरी गोष्ट अशी आहे की माझ्या यंत्राला अस्तराचा त्या सकाळचा स्वभाव कळतो. हृदयाची कुठली वाहिनी तुंबत आली आहे ते त्याला कळत नाही. ते त्या पाच प्रश्नांतूनच कळायचं.

भाऊ आत आले. तेच इस्त्री केलेले कपडे, तीच फाइल. जरा वाळले होते. मी पट्टा बांधता बांधता विचारलं, "काय भाऊ, सगळं ठीक?"

"ठीक," म्हणाले. मग माझ्या हातातल्या कागदाकडे बघून म्हणाले, "आज प्रश्न न्हाईत का, मॅडम?"

मी हसून म्हटलं, "तुमची उत्तरं पाठ आहेत मला." आणि पाचही चौकटींत 'नाही' लिहून टाकलं.

पाच मिनिटं झाली. पट्टा सोडला. रेषा सरकल्या. त्यांच्या सगळ्या मोजण्यांतला तो सर्वांत चांगला आकडा होता. "पहिला नंबर," मी म्हटलं. ते खाटेवरून उतरले आणि चपला घालताना थोडे थांबले. बाहेरून कुणीतरी दार वाजवत होतं. "येतो मॅडम," म्हणाले आणि गेले.

पुढच्या तारखेला ते आले नाहीत. असं कधी झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या नंबरवर फोन लावला आणि पलीकडून कुणी काही बोलायच्या आत म्हणाले, "काय भाऊ, ऑडिट चुकवलं?"

त्यांच्या बायकोनं फोन घेतला होता.

"मॅडम, ते न्हाईत आता. दीड महिना झाला."

"काय झालं?"

"कामावरच. टेबलापाशी खाली बसले, म्हने. लोकांना वाटलं काय पडलं ते उचलत्यात."

मी फोन ठेवून कपाटातून त्यांची फाइल काढली. शेवटच्या कागदावर माझ्या अक्षरात पाच वेळा 'नाही' होतं. घाईत लिहिलेलं, शेवटच्या दोन 'नाही'ला धड काना नाही. मी ती फाइल टेबलावर ठेवून दार लावून घेतलं आणि रडले. मी दवाखान्यात रडत नाही. माझ्या हाताखालची मुलं रडली की मी त्यांना बाहेर जायला सांगते.

रविवारी दुपारी वडिलांना हे सांगितलं. त्यांचं बोलणं आता जड आहे, एकेक शब्द ओढून आणावा लागतो, म्हणून ते फालतू बोलत नाहीत. मी म्हटलं, "अस्तर इतकं चांगलं होतं, बाबा. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मला समजत नाही." त्यांनी मान खिडकीकडे वळवली.

"मीठ सोडलं असंल," म्हणाले.

"काय?"

"तुझ्याकडं यायच्या आधी. आठ दिवस."

मी त्यांच्यावर ओरडले. हे काही कंपनीचं मेडिकल नाही, माझ्याकडे कुणाची नोकरी जात नाही, माझ्याशी कोण कशाला खोटं वागेल, असं बरंच काही बोलले. त्यांनी डावा हात वर करून मला थांबवलं.

"खोटं न्हाई ते," म्हणाले. "तुझी मान खाली जाऊ नये म्हणून."

पुढच्या आठवड्यात भाऊंची बायको आली. गोळ्या न्यायचा दिवस होता. महाळुंग्यातल्याच एका कंपनीत ती पॅकिंगला आहे. ड्युटीवरून सुटून तशीच आली होती, कपड्यांवर खोक्यांची धूळ होती. माझ्यासमोर तिनं ती प्लास्टिकची फाइल ठेवली. "हे तुमचं हाय. घरात ठिवून काय करू?"

आत माझी गुलाबी पत्रकं होती, प्रत्येक वेळचं एक. प्रत्येकाला मागं एक कागद टाचलेला, पट्टीनं आखलेला. कारखान्यात मशीनला लावतात तसं चेकशीट. डावीकडे उभे मुद्दे: झोप, तंबाखू, चहा, डबल शिफ्ट. वर आडवे आठ दिवस. प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण. खाली दोन सह्या. 'ऑपरेटर' म्हणून त्यांची लफ्फेदार सही आणि 'तपासणार' म्हणून तिची, प्रत्येक अक्षर जपून काढलेली.

"आठ दिवस भरले की मला सही कराया लावायचे," ती म्हणाली. "मी म्हनायची, येवढं कशापायी? तर म्हनायचे, पहिल्यांदा मॅडमचा माल मपल्यामुळं रिजेक्ट झालाय, पुन्हा न्हाई होऊ द्यायचा. ते आठ दिवस लई चांगले जायचे आमचे. घरी वेळेवर यायचे, झोपायचे. नववा दिवस उजाडला की डबल शिफ्ट आन् तंबाखू."

मी कागद उलटत होते. म्हणजे सहा महिन्यांतले आठ दिवस मी मोजत होते. उरलेले सगळे दिवस मी फक्त एकदाच मोजले होते, पहिल्यांदा, आणि त्यावर स्वतःच्या हातानं आडवी रेघ मारली होती. धमनी खोटं बोलली नव्हती. मी ज्या दिवसांबद्दल विचारलं त्या दिवसांचं तिनं मला खरं सांगितलं होतं.

शेवटच्या चेकशीटवर सगळ्यांत खाली एक ओळ जास्तीची होती, पेन्सिलनं लिहिलेली. 'जिना चढताना छातीत दाटतं.' पुढच्या आठ चौकटींपैकी पाच चौकटींत खुणा. आणि शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या बारीक, नेटक्या अक्षरात: 'विचारलं तर सांगायचं.'

मी ती ओळ परत परत वाचली. मला चपला घालताना थांबलेले ते दिसले. आज प्रश्न न्हाईत का, मॅडम. आठ दिवस त्यांनी ते उत्तर तयार ठेवलं होतं, सही करून आणलं होतं, आणि आपणहून बोलायचं नसतं म्हणून मला त्यांनी शेवटची संधीसुद्धा दिली होती.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला वाटलं असावं की मला त्यांचा राग आलाय. समजूत घालावी तसं म्हणाली, "तुमी तर इचारलंच आसंल. त्यांनीच लपवलं आसंल. सवय होती त्यांना."

तिनं मला वाट करून दिली होती. नुसतं गप्प राहिले असते तरी पुरलं असतं. माझ्या फाइलमध्ये पाच 'नाही' लिहिलेले होते, कुणीही येऊन बघितलं असतं तरी कागद अगदी नीट होता. वडिलांच्या नियमाप्रमाणे मला कुणी काही विचारलंही नव्हतं.

"मी विचारलं नाही," मी म्हटलं. "त्यांनी मला आठवण करून दिली होती. तरी मी विचारलं नाही. मी माझ्या मनानं 'नाही' लिहिलं."

तिनं चेकशीट माझ्या हातातून घेतलं आणि त्या पेन्सिलच्या ओळीवर बोट ठेवलं. मग बोट हळूहळू खाली स्वतःच्या सहीपर्यंत आणलं. "मी बी वाचलं न्हाई," म्हणाली. "ते म्हनले सही कर, मी केली." तिचा आवाज फुटला. मी उठून तिच्याशेजारी बसले. बाहेर गोळ्यांच्या खिडकीवर कुणाचातरी क्रमांक पुकारत होते, तो तिचाच होता, पण ती उठली नाही.

बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं. समोर टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता, पाच प्रश्नांचा. त्यातला एक तिनं ओढून माझ्यापुढे सरकवला.

"मंग आता मला तरी इचारा," ती म्हणाली.

मी पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. तिच्याकडे वळून पहिला प्रश्न विचारला, सावकाश, पूर्ण. आणि ती बोलेपर्यंत थांबले.